खोलीची कडी

वासुकी,

हॉलमध्ये तुझा आत्ता कुठे डोळा लागला आहे, म्हणून उठवलं नाही. तुझ्या आईच्या वर्षश्राद्धाचं शास्त्रींशी बोलायला तिरुवैयारूला जातो आहे. एकपर्यंत परत येईन. दहीभात कालवला आहे, नारतंगाचं लोणचं फळीवर आहे. दोन घास तरी खा.

परवा मी न विचारता कॉफी घेऊन तुझ्या खोलीत आलो. तुझं काम कोणी पाहायचं नाही हा कंपनीचा नियम, तो मी मोडला. पण पडद्यावर एक बाई बसखाली गेली, तुझी आई गेली तशीच. तू बटण दाबून पुढचा व्हिडिओ लावलास. "अप्पा, कॉफी तिथे ठेवा, अजून चारशे बघायचे आहेत."

आई गेली तेव्हा तू रडली नाहीस. पोरीचं काळीज दगडाचं आहे, असं मी सुंदरीआत्याला म्हणालो आणि ते तू ऐकलंस. दिवसभर सिनेमे बघायचा पगार घेतेस, अशी थट्टाही मी वर्षभर केली. लोकांना दिसू नये म्हणून ते सगळं तू आधी बघून काढून टाकतेस, हे मला परवा कळलं.

नोकरीचं तू ठरव. पण परवापासून तू आतून कडी लावतेस आणि हाकेला ओ देत नाहीस. म्हणून कडीचे स्क्रू काढून ती मी पिशवीत घालून नेली आहे. कंपनीने विचारलं तर सांग, म्हातारा ऐकत नाही. यापुढे दार वाजवून येईन आणि पडद्याकडे पाठ करून बसेन.

अप्पा