आमच्या घराला जिना नाही

प्रिय सूनबाई,

टाके काढले का, आणि जखमेतून पाणी येतं का, ते आधी कळव. प्लीहा काढलेल्या माणसाला साधा तापही जिवावर बेतू शकतो, असं डॉक्टरीणबाईंनी मला बजावलंय. अंग कोमट लागलं तरी घरगुती उपाय करत बसू नकोस, निधीचं कार्ड घे आणि तडक दवाखाना गाठ. कार्ड चालू आहे. तुझा हप्ता मी भरला, आणि तो उपकार नाही.

हा आरोग्य निधी मी का काढला, हे तू कधी विचारलं नाहीस. तुझे सासरे काचेच्या भट्टीवर होते. एका दुपारी भट्टीची भिंत फुटली आणि वितळलेली काच त्यांच्या छातीवर आली. मी पोचले तेव्हा सदरा कुठे संपतो आणि कातडी कुठे सुरू होते, ते कळत नव्हतं. इस्पितळाच्या खिडकीतला माणूस म्हणाला, आधी डिपॉझिट. मी बांगड्या उतरवून पुढे केल्या, तर म्हणतो, बाई, हे सोनाराचं दुकान नाही. सोनाराकडे जाऊन मी परत येईपर्यंत त्यांचं ओरडणं थांबलं होतं. महिन्याभराने मी वही घेऊन दारोदार फिरले. प्रत्येक घराने दरमहा थोडं द्यायचं, ज्याच्यावर वेळ येईल त्याचा खर्च सगळ्यांनी उचलायचा. लोक हसले. आजारी पडायची आगाऊ वर्गणी का, म्हणाले. पुढे पॉलिशवाल्याच्या बायकोचं बाळ अडलं, पोट फाडावं लागलं, आणि दोघं सुखरूप घरी आली तेव्हा घरातलं एक भांडंसुद्धा विकलं गेलं नव्हतं. मग हसणं थांबलं. आज कार्ड दाखवलं की उपचार सुरू होतात, डिपॉझिट कोणी मागत नाही.

पण पहिल्याच वर्षी पगाराच्या दिवशी भट्टीवरचे काच फुंकणारे फुंकणीवाले एकमेकांची डोकी बाटल्यांनी फोडायचे आणि टाके घालायला निधीच्या दारात यायचे. एकाचा कान कातड्याला लोंबत होता आणि तो मला विचारत होता, कान कार्डात बसतो का. मी चिडले. मारामारीतल्या जखमांना निधी एक पैसा देणार नाही, असा नियम स्वतःच्या हाताने लिहिला. टाळ्या पडल्या. पुरुष जरा शांत झाले. आणि वस्तीतल्या बायका घसरायला लागल्या.

आमचा अर्ज तपासायला बाहेरचा साहेब लागत नाही. समितीवरच्या आम्ही पाच बायका एकमेकींच्या घरात ऊठबस करतो, कोणाची मोरी कुठे आणि कोणाचं कपाट केवढं, ते सगळं ठाऊक. खोटा अर्ज टिकतच नाही, हीच आमची ताकद, असं मी छाती पुढे काढून सांगायचे. तरीही पॅकरच्या बायकोच्या बरगड्या नळावर मोडल्या, असं आम्ही वाचलं आणि शिक्का मारला. खरं लिहिलं तर तिला उपचार नाहीत, खोटं लिहिलं तर आहेत. मी त्याला माया समजले. माझ्याच घरातला अर्ज आला तेव्हा मात्र ती माया नव्हती, लाज होती. तुझं मनगट मी ओल्या फरशीच्या नावावर टाकलं. तुझी भुवई कपाटाच्या दारावर. तुझ्या नवऱ्याने तुझे केस धरून तुझं डोकं त्या दारावर आपटलं तेव्हा मी मोरीत होते, आणि आवाज ऐकू येऊ नये म्हणून मी नळ मोठा सोडला. हे तुला माहीत नसेल. आता माहीत झालं.

तिसऱ्या वेळी तो कारखान्याचे बूट घालूनच होता. तू भिंतीला टेकून खाली बसली होतीस आणि तो एकाच जागी लाथ घालत राहिला, खिळा ठोकावा तसा. मी कॉलर धरून ओढेपर्यंत तुझे ओठ पांढरेफटक पडले होते. गाडीत तूच कण्हत म्हणालीस, आई, जिन्यावरून पडले असं लिहा. मी लिहिलं. शिकलेली बाई, अक्षर सुबक.

अर्ज समितीपुढे आला. यंदा समितीवर आलेली इस्त्रीवाली तुला ठाऊक आहे, तिची जीभ तिच्या इस्त्रीपेक्षा तापलेली. म्हणाली, ताई, मी दर आठवड्याला तुमच्याकडे कपडे द्यायला येते. तुमच्या घराला जिना कुठाय? मला तर उंबरठासुद्धा चढावा लागत नाही. बाकीच्या तिघी खाली बघू लागल्या, प्रत्येकीचा आपापला जिना होता. मी म्हणाले, माझ्या मुलाने तिला लाथांनी तुडवलं. माझ्याच नियमाने तुझं ऑपरेशन नामंजूर होत होतं. मी त्याच दिवशी सगळ्या सभासदांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर तो नियम खोडला. आता जखमी माणसाला उपचार मिळतील, मारणारा कोणीही असो, फक्त त्याचं नाव अर्जावर लिहायचं. पुरुष कुरकुरले. पॅकरच्या बायकोने नवऱ्याकडे न बघता हात वर केला, मग बाकीच्यांचे झाले. तुझं बिल मंजूर झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. वस्तीत माझं नाक कापलंस, म्हणाला, आणि माझा डावा हात पाठीमागे पिरगळला. हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, कळ नंतर आली. मी उजव्या हाताने स्टूल उचललं आणि त्याच्या गुडघ्यावर घातलं, दोनदा. आईचं काळीज वगैरे मध्ये आलं नाही. तो लंगडत गेल्यावर मी एका हाताने दाराला कुलूप लावलं. दवाखान्यात कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, मुलाने मोडला. नव्या नियमाखालचा हा पहिला अर्ज.

आता कामाचं. पोलिसांनी तक्रार घेतली, पण त्याला अजून धरलेलं नाही. मित्राच्या घरी लपलाय, आणि शनिवारी तुला माहेराहून आणायला निघणार आहे, असं त्या मित्राच्या बायकोने मला सांगितलं. म्हणून पोस्टावर न सोपवता हे पत्र इस्त्रीवालीच्या हाती देते आहे. तो सांगेल, आई अंथरुणाला खिळली, तिला बघायला कोणी नाही, चल. रडेलही. लहानपणापासून छान रडतो, आणि दर वेळी मी विरघळले, त्याचं फळ तू भोगलंस. दार उघडू नकोस. सोबत तुझ्या तिन्ही अर्जांच्या प्रती आहेत. प्रत्येकीखाली खरं काय झालं ते मी तारखेसह लिहून सही केली आहे. उद्याच तिथल्या पोलिसांना दाखव. कोर्टाने बोलावलं तर साक्षीला मी येईन, आणि नळाचंही सांगेन. या घरी परत येऊ नकोस, सूनबाई. मी बोलावलं तरी येऊ नकोस.

तुझीच,
सासू