टेकडीवरची साफसफाई

बाबा, टेकडीवरची जुनी वस्ती गेल्या आठवड्यात गावाने झाडून काढली. खरोखर खराटा घेऊन. तिथे मुरमाची खदान व्हायची आहे, आणि पुरातत्त्वाच्या अधिकाऱ्यांनी जागा संरक्षित ठरवली तरच ती थांबणार. ते येणार कळल्यावर उतारावरच्या घरांच्या पायाची दगडी वर्तुळं उचकटली, त्या दगडांचा ओटा बांधला, त्याला गेरू फासला. खापरं वेचून, धुऊन, लहानमोठी अशी ओट्यावर मांडली. मी मेडशीहून जीपने पोचले तेव्हा हारही तयार होता.

"काका, हे काय केलंत?" मी सरपंचांना विचारलं.

"मंग पसारा दाखवाचा का साहेबाले? तुह्या बापानं जनमभर तिथं ढोरं चारली, एक दिवस तरी झाडलं का?"

कोणतं खापर कुठून उचललं, अधिकाऱ्यांनी विचारलं.

"सारं इथलंच हाय साहेब. बाहेरचं एक बी नाई!"

ते हसलेही नाहीत. चहा घेतला आणि वहीत लिहिलं: मूळ जागी अवशेष नाहीत. भेट कळवणाऱ्या पत्रात 'कशालाही हात लावू नका' एवढं एक वाक्य घालायला त्यांच्या कार्यालयाचं काय जात होतं? पावसाने, वणव्याने, गुरांच्या खुरांनी जे हललं नाही ते पाहुणचाराने एका सकाळीत गेलं.

चौथीत मी एक खापर दप्तरातून घरी आणलं होतं. तुम्ही जेवणाचं ताट सरकवलंत, मला परत वर नेलंत. "कुठून उचललं, दाखव." मला जागा सापडत नाही. मी रडते आहे आणि तुम्ही भर उन्हात तसेच उभे आहात. "त्याईचं घर व्हतं ते. तू काहून हलवलं?" पुढे सर्वेक्षणाच्या वर्गात मला हेच शिकवलं, पण इतकं नीट नाही.

आज पुरातत्त्व कार्यालयाविरुद्ध तक्रारअर्ज लिहायला बसले आणि हे उतरलं. हे कुठे पाठवायचं नाही. दगडाची जागा सेंटिमीटरपर्यंत नोंदवणारं यंत्र चार वर्षं माझ्या हाताखाली आहे. वस्तीचा नकाशा आधीच झाला असता तर दगड हलवूनही पुरावा राहिला असता. तीन दिवसांचं काम. रस्त्याच्या मोजणीला मी दोनदा टेकडीच्या पायथ्याशी यंत्र लावलं, वर गेले नाही. तुमच्यानंतर तिथे एकटीने चढणं मला जमत नव्हतं. हे कुणालाच सांगितलेलं नाही. सरपंचांवर मात्र सगळ्यांदेखत ओरडले.