उन्हात ठेवलेले सेल

मामा, तुमच्या उस्तादांच्या फिडलच्या सातही गती स्टुडिओत पुन्हा भरून झाल्या. या वेळी बरोबर भरल्या. आधीच्या खेपेला चार चुकल्या होत्या आणि ती चूक तुमची होती, हे सांगायला बसले आहे. तुम्ही होतात तोवर तुमची चूक काढायची संधी कधी मिळाली नाही, म्हणून आता जरा सावकाश, चवीनं सांगते. माझी चूक शेवटी सांगेन.

नात्यानं तुम्ही माझे कोणी नव्हता. आईच्या गावचे, लोधीखेड्याचे, म्हणून मामा. तिगाव स्टेशनावर तुम्ही पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलून गाडीला झेंडी-बत्ती दाखवणारे, आणि मी पांढुर्ण्याच्या शाळेत नवी लागलेली बाई. रविवारी तुमच्याकडे फिडल शिकायला पॅसेंजरनं उतरले की तुम्ही झेंडी गुंडाळत समोर येणार आणि पहिला प्रश्न, "मागची जागा पक्की झाली का वो?" जागा म्हणजे मागच्या रविवारी दिलेला गतीचा तुकडा. कशी आहेस नाही, चहा घेतला का नाही. क्वार्टरच्या स्वयंपाकखोलीत आपण बसायचो, कारण तिथंच फिडल नीट बोलते असं तुमचं म्हणणं. स्टोव्हवर वरण उकळतंय, तुम्ही पाटावर बसून गजाला राळ घासताय आणि मी दाराकडे तोंड करून वाजवतेय. चुकलं की तुम्ही नुसतं वरण ढवळता. त्या ढवळण्याची मला जेवढी धास्ती होती तेवढी हेडमास्तरांचीही नव्हती, खरंच सांगते.

तुमचे उस्ताद सावरगावचे. नाटक कंपनीत फिडल वाजवायचे, कंपनी बुडाली तसे घरी आले आणि संत्र्याच्या बगिच्यात राखण करू लागले. तिथं बसून त्यांनी सात गती बांधल्या, एकट्या फिडलच्या. ना गाणारा, ना तबला. आपल्याकडे फिडल म्हणजे गाणाऱ्याच्या मागं बसून त्याचं बोट धरून चालणारी. ती पुढं येऊन एकटी काय बोलणार, म्हणून लोक उठून जायचे. हे सांगताना तुमचा आवाज चढायचा. "लोकं उठून गेले तरी त्यायनं गत अर्धी नाई सोडली कधी. रिकाम्या सतरंजीले पुरी ऐकवली." त्यांच्या मागं त्या गती येणारे तुम्ही एकटे उरलात. कागदावर एक सूर नाही. तुमच्या बोटांना वातानं धरायला सुरुवात केलेली, आणि तरी तुमचा हट्ट असा की एक पक्की झाल्याशिवाय दुसरी द्यायची नाही. मी म्हणायची, "मामा, अशानं सात कधी होतील?" तुम्ही म्हणायचे, "सात कच्च्या घेऊन काय लोणचं घालतं?"

म्हणून मी माझा टेपरेकॉर्डर तिगावला आणून ठेवला. लाइटीवर लावला की मागं घूं घूं यायचं, ते तुम्हाला सहन होईना. उस्तादाच्या सुरात डबक्यातला बेंडूक कशाले, म्हणालात. मग सेल घातले. बटन दाबायचं काम माझं. तेवढं एक काम तुम्ही मला विश्वासानं दिलं होतं आणि मी ते मोठ्या रुबाबात करायची. एका रविवारी सेल बसले, टेप फिरेना. तुमची ड्यूटीची बत्ती खुंटीला होती, तिच्यात कालच घातलेले नवे सेल. मी सहज हात घातला आणि तुम्ही कधी नव्हे ते ओरडलात. "हात नोको लावू! ते सेल गाडीचे हायेत. अंधारात गार्ड माही बत्ती पाहीन, माह्या उस्तादाची गत नाई पाहणार." माझं तोंड एवढंसं झालं. थोड्या वेळानं तुम्हीच ते जुने सेल अंगणातल्या दगडावर पापडासारखे उन्हात मांडलेत. "ऊन खाल्लं का उठतात बिचारे," म्हणालात. खरंच उठले, तासाभरापुरते.

तीन गती झाल्या आणि माझी बदली सौसरला झाली. मी रडले, तुम्ही वरण ढवळलंत. "बाकीच्या चार टेपमंदी भरून धाडतो. तू जाय. पण वाजवजो मात्र, पेटीत नोको ठेवू." रेकॉर्डर मी तुमच्याकडेच सोडला. पावसाळा सरल्यावर तुमच्या ओळखीचा एक गँगमन सौसरला आला आणि रुमालात बांधलेली टेप देऊन गेला. सोबत तंबाखूच्या डबीत उस्तादांच्या राळेचा अर्धा तुकडा.

शेजाऱ्यांकडे मोठा टेप होता, लाइटीवरचा. त्याच्यावर लावली. पहिल्या तीन तर ओळखीच्या. पण चौथीपासून काय सांगू मामा, अंगावर काटा आला. प्रत्येक गत आधीच्यापेक्षा वरच्या सुरात आणि आधीच्यापेक्षा जलद. सातवी तर अशी सुसाट की मी हात जोडले. वाताची बोटं आणि हे असं! सातवी संपली, मागं दूर मालगाडीचा भोंगा वाजला, आणि मग जवळूनच एका पोरीचा आवाज आला, बारीक, हसरा. "झालं बापा एकदाचं." आणि खट्. बटन बंद.

कोण ही? माझ्या जागेवर कोण बसली? मी जाऊन चार महिने नाही झाले आणि बटन दाबायला दुसरी आली? तिला आठवी गत शिकवाल तुम्ही, असंही मनात आलं, जशी काही आठवी होतीच. राग असा आला की टेप शिवणाच्या पेटीत तळाशी टाकली. दिवाळीआधी तुम्ही गेल्याचं कळलं.

त्यानंतर मात्र मी टेप पेटीतून काढली आणि वाजवत राहिले, हे तुम्हाला सांगितलंच पाहिजे. शाळा, संसार, मुलं, सगळ्यातून वेळ चोरून त्या चार गती टेपवरून बसवल्या, टेपच्याच सुरात, टेपच्याच लयीत. वरची तार चढवता चढवता किती तुटल्या त्याला हिशोब नाही. एक तर भुवईला लागली, वण अजून आहे. गतीमागून गत सूर चढवत न्यायचा ही सावरगावच्या उस्तादांची खास रीत, असं मी ऐटीत सगळ्यांना सांगत सुटले. निवृत्त झाल्यावर नागपूरला स्टुडिओत सातही भरल्या. ऐकणारे चाट पडले. या वयात काय हात चालतो, म्हणाले. मी फुगले.

मग वाटलं, शेवटी तुमचीही टेप जोडावी. ती घेऊन पुन्हा गेले. तिथले रेकॉर्डिंगवाले माझ्याच वयाचे, भल्या मनाचे. सातवी संपली, भोंगा वाजला, तसे ते थबकले. "बाई, मालगाडीचा भोंगा इतका किरटा नसतो हो. ही टेप सेलवर भरलीय का? सेल मरायला लागले की टेप हळू फिरते. मग आपण ती लाइटीवर लावली की सगळं पळतं आणि वर चढतं." मी म्हटलं, हो, सेलवर. उन्हात ठेवलेल्या. तुम्ही भरून झाल्यावर त्याच मरत्या सेलवर ऐकली असणार, तेव्हा तुम्हाला सगळं ठीकच वाटलं असणार. आणि नवे सेल, पुऱ्या दमाचे, हातभर अंतरावर बत्तीत होते. तुम्ही त्यांना हात लावला नाहीत. अख्ख्या जन्माची कमाई टेपवर उतरवताना नाहीच लावला. काय म्हणावं तुम्हाला, देवमाणूस म्हणावं की डोकं आपटावं?

त्यांनी टेपचा वेग हळूहळू उतरवत नेला. चौथीपासून सगळ्या गती एका सुरात आल्या, शांत झाल्या. सातवी मुळात धावतच नव्हती. एकेका सुरावर उभी राहून बोलत होती, आणि मी तिला तीस वर्षं पळवली. मग भोंगा वाजला, खरा, जाडा, तिगावचा. आणि त्याच्यामागं ती पोर बोलली. "झालं बापा एकदाचं." तुमचा आवाज होता, मामा. दमलेला, सर्दीनं बसलेला. तुम्ही एकटेच होतात. बटन तुम्हीच दाबलं होतं.

मी तिथंच ढसाढसा रडले. ते बिचारे पाणी आणायला धावले.

चारही पुन्हा शिकले. हळू वाजवणं किती अवघड असतं ते आता कळलं. या वेळी तुम्ही वरण ढवळलं नसतं असं वाटतं. भरून झाल्यावर रेकॉर्डिंगवाल्यांनी विचारलं, टेपवरचं शेवटचं बोलणं कापू का? मी म्हटलं, हात लावू नका.

हे पत्र राळेच्या डबीखाली ठेवणार आहे, फिडलच्या पेटीत. आता माझी चूक. गँगमननं टेप देताना सांगितलं होतं, "मामाची तब्येत बरी नाई, तुमची वाट पाहून राहिले." मी म्हटलं होतं, येते रविवारी. मग टेप ऐकली. सौसरहून पांढुर्ण्याची बस होती, पुढं तिगावची पॅसेंजर होती, आणि दिवाळीपर्यंत पाच रविवार होते. त्या पोरीच्या रागानं मी एकाही रविवारी आले नाही.