दहावा शिक्का

३ ऑक्टोबर, गुरुवार. घटस्थापना

नवी वही सुरू. दुकानातलीच घेतली. या आठवड्यातलं पहिलं गिऱ्हाईक मीच.

काल व्यापारी मंडळाच्या सचिवपदी बिनविरोध निवडून आले. मंडळ म्हणजे जुळे सोलापुरातल्या आमच्या रस्त्यावरची दहा दुकानं. अध्यक्ष राजशेखरअण्णा, भांड्यांच्या दुकानाचे. सुबोध म्हणाला, बिनविरोध म्हणजे दुसरं कुणी तयार नव्हतं. बँकेतल्या नवऱ्यांना कशाचंच कौतुक नसतं.

चहा ढवळता ढवळता त्याने आणखी एक सांगितलं. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत माझं 'शुभेच्छा गिफ्ट्स अँड स्टेशनरी' चाललं नाही, तर गाळा भाड्याने द्यायचा. "दोन वर्षं झाली मालती," एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर भांडता तरी आलं असतं.

संकल्प: पाडव्यापर्यंत अख्खा रस्ता उभा करायचा. रस्ता उभा राहिला की दुकान आपोआप उभं राहील.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

योजना सुचली! केस धुताना. 'आपला रस्ता, आपली खरेदी.' घरटी एक कार्ड. कार्डावर दहा चौकोन, एका दुकानाला एक. त्या दुकानात काहीही घ्या, दुकानदार शिक्का मारून देणार. दहा शिक्के झाले की कार्ड अण्णांच्या दुकानातल्या डब्यात टाकायचं. धनत्रयोदशीला सोडत. बक्षीस पाच लिटरचा कुकर, अण्णांकडून.

दहावा चौकोन माझा. आणि नियम असा, की आधीचे नऊ शिक्के झाल्याशिवाय दहावा मिळणार नाही. म्हणजे सगळी कॉलनी शेवटी माझ्या दारात. याला स्ट्रॅटेजी म्हणतात. सुबोधला सांगितलं नाही. पाडव्याला कळेलच.

६ ऑक्टोबर, रविवार

कार्डं छापून आली. गुलाबी सांगितली होती, पोपटी आली. पोपटी जास्त उठून दिसतं, हे मला आधीच वाटत होतं.

चंद्रव्वा आली होती. कोपऱ्यावर टोपलीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन बसते ती. म्हणाली, "वैनी, मला बी एक चौकोन द्या की." समजावून सांगितलं, चौकोन दुकानाला असतो, तुझं दुकान नाही. म्हणाली, "दुकान न्हाय, पर गिऱ्हाईक हाय." भोळी आहे बिचारी. छोट्या उद्योगांना आधार देणं हे मंडळाचं कामच, म्हणून तिला माझ्या दुकानाच्या पायरीवर बसायची परवानगी दिली. सावली असते तिथे. तिच्याकडून काही घ्यायचं नाही असं ठरवलं. चार भाकरी देत होती, त्या मात्र घेतल्या.

८ ऑक्टोबर, मंगळवार

उद्घाटन झोकात. अण्णांनी नारळ फोडला, निवेदन माझं. नंतर दुकानादुकानांत जाऊन शिक्का कसा मारायचा ते दाखवलं. मेडिकलवाले म्हणाले, वहिनी, आमची तीस वर्षं शिक्के मारण्यातच गेली. तरी दाखवला. पद्धत एकसारखी हवी.

माझ्या दाराला 'पाच मिनिटांत येते' ही पाटी लावून गेले होते. आले तेव्हा सहा वाजले होते. चंद्रव्वाने सांगितलं, दोन पोरी वह्या घ्यायला आल्या होत्या. उद्या येतील.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

प्रतिसाद प्रचंड! जिकडे तिकडे पोपटी कार्डं. भाजी घेताना एका बाईंच्या पर्समधून डोकावत होतं, सहा शिक्के झालेले. किराणावाले सांगत होते, लोक पावशेर साखर घेतात आणि शिक्का मागतात. आयुष्यात पहिल्यांदा माझं एखादं काम लोकांच्या हातात दिसलं. घरी येताना रिक्षात उगीचच डोळे भरून आले. धूळ फार आहे सध्या.

दुकान दुपारी अर्धा तास उघडलं. सोनं द्यायला अण्णांकडे जायचं होतं म्हणून परत बंद केलं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

सात रस्त्याला शहरातल्या व्यापाऱ्यांची मोठी सभा. आमंत्रण नव्हतं, पण सचिवाला आमंत्रण कशाला? आयत्या वेळी माइक मिळाला. बोलले. विषय: गिऱ्हाईक दारातून परत जाता कामा नये. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत बसलेले अण्णा टाळ्या वाजवत नव्हते, पण त्यांच्या हातात चहा होता.

संध्याकाळी चंद्रव्वा: "वैनी, सकाळधरनं चौदा बाया येऊन गेल्या. शिक्का पायजे म्हणत्यात. तुमी हुता कुटं?" तिला सांगितलं, त्यांना म्हणावं थोडा धीर धरा. म्हणाली, "धीर धरत्यात की. धरता धरता भाकरी खात्यात."

चौदा! स्ट्रॅटेजी लागू पडली.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

सगळ्या दुकानांची शिक्क्याची शाई संपत आली. ऑनलाइन मागवली. शाई आपल्या रस्त्यावरही मिळते, पण ती माझ्याच दुकानात, आणि दुकान उघडायला वेळ कुठे आहे?

सुबोध म्हणाला, तू एवढी बाहेर असतेस तर तुझा शिक्का चंद्रव्वाकडे ठेवून जा. मी हसले. शिक्का ही जबाबदारीची वस्तू आहे. माझ्या पर्समध्ये असते. मंडळात शिस्त कुणामुळे आहे, हे त्याला कळायचं नाही.

२१ ऑक्टोबर, सोमवार

चिंचोळी एमआयडीसीत दिवसभराचं चर्चासत्र. लहान धंद्यांनी एकत्र येऊन कसं वाढावं. पुष्कळ टिपणं घेतली. जेवण चांगलं होतं. परतायला साडेसात.

पायरीवर आता चंद्रव्वाचं बाकडं आहे. मी विचारलं, हे कधी आलं? म्हणाली, "तुमच्या गिऱ्हाइकास्नी बसाया आणलं. उभ्या ऱ्हाऊन बायांचं पाय दुखत्यात." माझ्या गिऱ्हाइकांची किती काळजी घेते! जावेलाही मदतीला घेतलंय. बसव्वा तिचं नाव. ती घरी भाकरी करून पाठवते, ही इथे विकते. याला चर्चासत्रात पुरवठा साखळी म्हणत होते. उद्या तिला समजावून सांगेन.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

समजावून सांगितलं. ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "वैनी, आज तरी दुकान उगडा की."

उघडणारच होते. पण मराठी शाळेच्या हेडमास्तरांनी मुलांसाठी योजना काय करता म्हणून बोलावलं होतं. शाळा सोडून मला चालणार नाही. माझा सगळा धंदा शाळकरी मुलांचाच आहे.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

रस्त्यात एका बाईंनी अडवलं. तीन वेळा येऊन गेले म्हणाल्या. सुरात राग होता. म्हटलं, द्या कार्ड, इथेच मारते. पर्स उघडली तर शिक्का नाही. चर्चासत्राच्या पिशवीत राहिला होता. बाई म्हणाल्या, जाऊ दे, त्या निमित्ताने कडक भाकरी घेऊन जाते दर वेळी, आमच्या घरी आता सगळ्यांना आवडायला लागली.

बघा. एक योजना, किती घरांपर्यंत पोचली.

२७ ऑक्टोबर, रविवार

अण्णांचा फोन. "वहिनी, काय करायलाव? डब्यात एक बी कार्ड न्हाय. गिऱ्हाईक मला येऊन शिव्या घालायलेत." मी म्हटलं, अण्णा, लोक नेहमी शेवटच्या दिवशी टाकतात, लाइटबिल भरतात तसं. अण्णा म्हणाले, "दुकान उघडा हो वहिनी."

सगळे एकच बोलतात. कुणालाही मोठं चित्र दिसत नाही.

पाडव्याला सहा दिवस. आज दुकान उघडायचंच असं ठरवलं होतं, पण अण्णांच्या फोनने मन खट्टू झालं. पडून राहिले.

२९ ऑक्टोबर, मंगळवार. धनत्रयोदशी

सोडत. अण्णांच्या दुकानापुढे मंडप, माइक, दीडशे माणसं. डबा मी स्वतः उघडला. आत एक कार्ड. एकच.

नाव वाचलं. सुबोध.

तो दहाही दुकानं हिंडला होता. मेडिकलमधून कापूस, अण्णांकडून उलथनं, असं करत करत. घरात नवीन उलथनं कुठून आलं हे मी विचारलंही नव्हतं. दहावा शिक्का मला आठवतो. रविवारी रात्री जेवताना त्याने कार्ड पुढे केलं होतं, मी फोनवर बोलता बोलता मारला. कुणाचं कार्ड ते बघितलंसुद्धा नाही. डबा अगदीच रिकामा निघू नये म्हणून टाकलं, असं त्याने नंतर अण्णांना सांगितलं. मला नाही सांगितलं.

पदाधिकाऱ्यांच्या घरच्यांना बक्षीस नाही, हा नियम माझाच. तो मीच माइकवरून वाचला.

मग अण्णांनी गल्ल्याखालून एक गठ्ठा काढला. लोकांनी कंटाळून त्यांच्याकडे टाकलेली कार्डं. सगळी पोपटी. सगळ्यांवर नऊ शिक्के आणि एक रिकामा चौकोन. मंडपात हसण्याची लाट आली. मीही हसले, सचिव म्हणून.

निष्कर्ष: दहा दुकानं जास्त होतात. पुढच्या वेळी नऊ.

३० ऑक्टोबर, बुधवार

कालचा निष्कर्ष पुन्हा वाचला. खोडणार होते. राहू दे.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन

दुकान सकाळी आठला उघडलं. धूळ पुसली. शिक्का टेबलावर, झाकण काढून ठेवला. दिवसभर हलले नाही. जेवायलाही नाही.

बाहेर बाकड्यावर गर्दी. आत कुणी नाही. दोन बायांनी डोकावून पाहिलं आणि एक दुसरीला म्हणाली, "अगं, हे उघडतं होय?"

संध्याकाळी पूजा केली. चंद्रव्वा आत येऊन हळदीकुंकू लावून गेली. पाच भाकरी ठेवल्या. पैसे देऊ लागले तर घेईना. "पायरी कुणाची हाय," म्हणाली.

२ नोव्हेंबर, शनिवार. पाडवा

सुबोधला ओवाळलं. तो गाळ्याचं काढेल म्हणून सकाळपासून वाट बघत होते. काढलंच नाही त्याने. करंजी खात बसला. शेवटी मीच म्हटलं, पाडवा आला. तो म्हणाला, "आला." म्हटलं, दे मग भाड्याने. त्याने करंजी खाली ठेवली आणि म्हणाला, "तू म्हणशील तर संक्रांतीपर्यंत थांबू." असं बोलला की याच्याशी भांडायची चोरी.

नको म्हटलं. खरं तर दुकान माझ्यापासून वाचवायला हवं होतं, हे आता वहीत लिहायला हरकत नाही.

दुपारी चंद्रव्वा आली. नवं लुगडं, सोबत बसव्वा. गाळा तिलाच हवाय. एका महिन्यात गिऱ्हाईक एवढं वाढलं की टोपलीत मावेना. बोलणं सुबोधशी चाललं होतं, पण बघत होती माझ्याकडे. मग म्हणाली, "वैनी, तुमी रागवू नगा. तुमच्या वह्या-पेनं ऱ्हाऊ द्या एका कपाटात. आन् तुमी बी बसा की. आमी दोगी भाकरी कराया घरी जातो, तवा दुकानात कुणी तरी पायजे." सुबोध करंजी बघत बसला. त्याला हसू येत होतं, हे मला त्याच्या कानावरून कळतं.

मी विचार करून सांगते म्हटलं. विचार त्या दोघी जिन्यापर्यंत पोचेपर्यंतच टिकला. दारातूनच हाक मारून हो म्हटलं.

६ नोव्हेंबर, बुधवार

आठ वाजता उघडलं. नवीन पाटी: चंद्रव्वा कडक भाकरी. खाली बारीक अक्षरात: वह्या-पेनही मिळतील.

दुपारपर्यंत भाकरीची एकोणीस गिऱ्हाइकं. त्यातल्या चौघांनी पेनं घेतली, एकीने ग्रीटिंग कार्ड. इतकी पेनं मी गेल्या उन्हाळ्यापासून विकली नव्हती. भाकरी कागदात कशी गुंडाळायची ते बसव्वाने दोनदा दाखवलं. मला येतं म्हटलं, तरी दाखवलं.

तीन वाजता अण्णांचा फोन. संक्रांतीच्या योजनेसाठी पाच वाजता मीटिंग, तुम्ही पाहिजेच. डोक्यात तिळगुळाची एक योजना तयारही झाली. चंद्रव्वाला विचारलं, पाच मिनिटांसाठी जाऊन येऊ का?

न्हाय म्हणाली.