न हलणारा आकडा

सालवड, रविवार संध्याकाळ

आकडा हलत नव्हता, तेव्हाच मला कळायला हवं होतं. कुठलंही मशीन इतकं गुणी नसतं.

आमच्या छोट्या सीएनसी लेथच्या स्पिंडलचा, म्हणजे फिरत्या दांड्याचा, वेग प्रकाशने जुळवून दिला होता. प्रकाश उमरोळीचा, कंपनीत माझ्या शेजारच्या मशीनवर असतो, आणि हा लेथ आम्ही दोघांनी हौसेने बांधलाय. "सेटिंग केलीय, आता बघायचं नाय," म्हणाला. मिनिटाला हजार फेरे मागितले की स्क्रीनवर हजार. जाड पितळ लावलं तरी हजारच.

तरी कातलेला जॉब खरबरीत यायचा. मी टूलला पुन्हा पुन्हा धार लावायचो, स्वतःच्या हाताला शिव्या घालायचो. आणि तो समोर बसून चहा पीत बघायचा!

आज टॅकोमीटर मागून आणला, जॉब धरणाऱ्या चकवर चमकती पट्टी चिकटवून वेग मोजला. सातशेच्या आसपास. झाकण उघडलं, तर वेग मोजणाऱ्या सेन्सरची वायर कशालाच जोडलेली नाही. नीट गुंडाळून, प्लास्टिकची टाय मारून ठेवलेली. मी मागितलेलाच आकडा स्क्रीन मला परत दाखवत होती.

प्रकाशला फोन केला. तो हसला. "अरे, सेटिंग केली बोललो. मोजलं असं कुठं बोललो?"

सेटिंग! शब्द तरी खरा वापरला म्हणायचं.

त्या टायचाच जास्त राग येतोय. विसरला असता, तर वायर लोंबकळत राहिली असती.

उद्या विचारेल, "रागावला नाय ना?" मी नाही म्हणेन. त्याला हवा तो आकडा मलाही दाखवता येतो.