पंचवीस वॅट, खणखणीत

शनिवार, १ नोव्हेंबर
निवृत्त माणसाला शिस्त हवी, म्हणून आजपासून रोजनिशी. पाणीपुरवठा खात्यात छत्तीस वर्षं लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिली. आता जरा स्वतःचं लिहू.

जावयाची सहा महिन्यांसाठी बाहेरगावी बदली झालीय. लेक आमच्या छोट्या नातीला घेऊन इकडे राहायला येतेय. आनंदच आहे. पण मागची खोली रिकामी करा, असं हिने चहा देता देता सांगितलं. मागच्या खोलीत माझी प्रयोगशाळा आहे. ही तिला अडगळ म्हणते. इलेक्ट्रॉनिक्सची आणि हाय-फायची मिळून अकरा पेट्या मासिकं, सगळी अंकवार लावलेली. शिवाय सुट्या पार्ट्सचे डबे.

ही म्हणाली, इतक्या वर्षांत त्यातलं एक तरी काही वाजलंय का? मी डोअरबेलची आठवण करून दिली. ती म्हणाली, शेजारणीने मिक्सर लावला की वाजायची ती. म्हटलं, संवेदनशील होती. चोरघंटेचंही सांगितलं. चोर एकदाही आला नाही, आणखी काय पुरावा पाहिजे?

शेवटी अट ठरली. रविवारी सोळा तारखेला साडूभाऊ आणि मेहुणी यायचेत. त्यांच्यासमोर त्या मासिकांतलं काहीही एक बनवून वाजवून दाखवायचं. वाजलं तर पेट्या राहतील. नाही तर सोमवारी रद्दीवाला. मी तत्काळ हो म्हटलं. पंधरा दिवस म्हणजे बख्खळ झाले.

रविवार, २ नोव्हेंबर
प्रोजेक्ट नक्की केला. स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर, पंचवीस अधिक पंचवीस वॅट. कॉलेजात असताना याच पानावर कॉफी सांडली होती, डाग अजून आहे. वर छापलंय, 'एका संध्याकाळी बनवा'. म्हणजे तेरा संध्याकाळी शिल्लक.

आज फक्त वाचन. अंक उघडला की तो वास येतो ना, शाईचा आणि जुन्या कागदाचा, जीव सुखावतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात स्टॉलवाल्याकडे रोज चकरा मारायचो. नवीन अंक हातात पडला की चालता चालता वाचायचो, दोनदा खांबावर आपटलोय. जाहिरातीसुद्धा पाठ होत्या. एकदा वाचकांच्या पत्रांत माझं पत्र आलं होतं. संपादकांनी खाली उत्तर दिलं होतं, 'कृपया बॅटरी सुलट लावून पाहा.' संपादकांनी व्यक्तिशः लक्ष घातलं, ही काय लहान गोष्ट आहे?

जेवायच्या आधी एकशे चाळीस पानं वाचून झाली.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
पार्ट्स आणायला गेलो. आमची ती गल्ली! एकाला एक लागून पार्ट्सची दुकानं होती. भिंतभर इवले इवले खण. दुकानदार न बघता हात घालायचा आणि बरोबर तोच रेझिस्टर काढायचा. संध्याकाळी तिथे दहा जण उभे राहून कुणाचा अ‍ॅम्प्लिफायर किती तापतो यावर भांडायचे. मित्र म्हणावेत असे मला तिथेच भेटले. नाव एकाचंही माहीत नव्हतं.

आज सगळीकडे मोबाईलची कव्हरं. पहिल्या दुकानातल्या मुलीने विचारलं, काका, मॉडेल कोणतं? म्हटलं, मॉडेल नाही, मला कंडेन्सर हवाय. तिने काडेपेटीएवढी तयार सर्किटची पट्टी पुढे केली. म्हणाली, यात पन्नास वॅट आहेत, दोन वायरी जोडा, झालं. मी हसलो. हॉटेलातून डबा मागवून कुणी स्वयंपाक केला म्हणतं का?

गल्लीच्या टोकाला एक जुनं दुकान उरलंय. मालक गल्ल्यावर डुलक्या काढत होते. मला बघून खाडकन जागे झाले. म्हणाले, डोअरबेलवाले ना तुम्ही? बिल झाल्यावर माल परत घेत नाही, आधीच सांगतो. इतक्या वर्षांनीही ओळख ठेवली. भरून आलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर
ही म्हणाली, चांगुलपणा म्हणून एक तरी गठ्ठा आधी काढा, पाळणा ठेवायला जागा पाहिजे. दिला. त्यातला एकही अंक महत्त्वाचा नव्हता. मोठ्या मनाने रद्दीवाल्याला दिला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
काम वेगात. रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे हल्ली फार फिके छापतात. तपकिरी आणि लाल यांत काही फरकच ठेवलेला नाही. अंदाजाने लावले. अनुभव असला की अंदाजही पुरतो. जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग आयर्नचा एक छोटा डाग पडला. त्यावर फुलदाणी ठेवलीय. घरात फुलदाणी हवीच होती.

शनिवार, ८ नोव्हेंबर
जोडणी पूर्ण. स्विच दाबला. धूर.

धूर पांढरा होता. काळा नव्हता.

रविवार, ९ नोव्हेंबर
लोक म्हणतात, नाचता येईना अंगण वाकडं. पण कधी कधी अंगण खरंच वाकडं असतं! रात्रभर डोकं खाजवल्यावर आठवलं. छापताना सर्किटमध्ये चुका व्हायच्या आणि पुढच्या महिन्याच्या अंकात कोपऱ्यात दुरुस्ती यायची. जाणते लोक एक महिना थांबून मगच सोल्डरिंग आयर्न तापवायचे. मी त्या काळी कधीच थांबलो नाही. पी हळद अन् हो गोरी, असं वय होतं. माझ्या यापूर्वीच्या सगळ्या प्रोजेक्टचा आता खुलासा झाला. दोष माझा नव्हताच.

पुढचा अंक काढायला गेलो. तो बुधवारच्या गठ्ठ्यात गेलाय.

सोमवार, १० नोव्हेंबर
रद्दीच्या दुकानात दिवस काढला. जमिनीवर बसून सगळा ढीग उपसला. तो अंक नाही. मात्र कुण्या भल्या माणसाची हाय-फायची मासिकं मिळाली, माझ्याकडे नसलेली वर्षं! ती घेऊन आलो. एक गठ्ठा दिला, दोन आणले. आवळा देऊन कोहळा काढला म्हणायचा.

ही दार उघडून नुसती बघत राहिली. तिलाही आवडली असावीत.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
दुरुस्तीचा अंक नाही तर नाही, स्वतः विचार करून दोन ट्रान्झिस्टर उलटे फिरवले. आता धूर नाही. आवाजही नाही. मोठीच प्रगती.

लाल दिवा लागतो. दिव्याचा प्रकाश फार सुंदर पडतो.

शनिवार, १५ नोव्हेंबर
लेक आणि छोटी आल्या. छोटी रांगते. सरळ ट्रान्झिस्टरच्या डब्याकडे गेली. गुण आजोबांचे. आज रात्री दोघी हॉलमध्ये झोपणार, उद्याच्या निकालावर खोलीचं ठरेल.

संध्याकाळी शेवटची चाचणी. फट्. फ्यूज गेला. नवीन घातला. फट्. घरात आणखी फ्यूज नाही. मी खोलीत बसून राहिलो. चिंतन चाललं होतं. ही दारात येऊन उभी राहिली, अहो, चहा घेता का म्हणाली. मला ऐकूच आलं नाही, नंतर लेकीने सांगितलं. पेट्यांवरची सालं वाचत होतो. तेव्हा केस होते मला. पहिला पगार यांच्या वर्गणीतच गेला. उद्या हे सगळं गेलं तर मी नेमका कोण उरेन, असं काहीतरी मनात आलं. भूक असली की असले विचार येतात.

दोघी मायलेकी बराच वेळ स्वयंपाकघरात कुजबुजत होत्या. उद्याच्या जेवणाचं ठरवत असतील.

रविवार, १६ नोव्हेंबर
वाजला! वाजला! वाजला!

क्रमाने लिहितो. सकाळी एक फ्यूज कुठून तरी मिळाला आणि बसवला. साडूभाऊ आले. त्यांच्याकडे टीव्हीखाली ठेवायची स्पीकरची लांबलचक काळी पट्टी आहे, परदेशी. तिचा फार तोरा. बडा घर पोकळ वासा. आल्या आल्या म्हणाले, काय शास्त्रज्ञ, आग विझवायची सोय आहे ना?

गाणं हिच्या फोनवरून लावायचं, असा हिचा आग्रह. लेक म्हणाली, बाबा, वायर मी जोडते, तू मागे जाऊन बस. तिचंही बरोबर. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा त्रिकोण व्हायला लागतो, दर अंकात असायचं. मी जागेवर बसलो. स्विच दाबला, लाल दिवा लागला आणि गाणं सुरू झालं.

काय आवाज! या पट्टीवाल्यांना, काडेपेटीवाल्यांना हे कधीच कळायचं नाही. आवाजात ऊब होती. गाणारी बाई समोर उभी. तंबोरा तिच्या डाव्या हाताला, तबला जरा मागे. बेस पोटात उतरतो पण पोट बिघडत नाही. जुन्या पद्धतीच्या सर्किटचं हेच वैशिष्ट्य.

साडूभाऊ सरळ होऊन बसले. मी त्यांच्याकडे एकदाही बघितलं नाही, फक्त सारखी मान वळवून खात्री करत होतो. ही म्हणाली, वाजलं, राहू द्या पेट्या. माझे डोळे पाणावले. धूर नसताना.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
पेट्या एका भिंतीला लावल्या, पाळणा दुसऱ्या भिंतीला. छान बसलं. अ‍ॅम्प्लिफायर हॉलमध्ये.

त्याच्या स्वभावाच्या काही नोंदी. आवाजाचं बटन फिरवलं की लगेच फरक पडत नाही. ही स्वयंपाकघरातून फोन घेऊन बाहेर डोकावते, तेवढ्या वेळाने पडतो. सावकाश वाढतो, घरंदाज माणसासारखा. आणखी एक, तासन्‌तास वाजला तरी तापत नाही. तो गल्लीतला घोळका आज हवा होता.

हिच्यातही बदल झालाय. रोज झोपण्यापूर्वी स्पीकरच्या मागची धूळ पुसते, सकाळी पुन्हा पुसते. इतकी काळजी तिने माझीही कधी घेतली नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर
त्या मुलीच्या मोबाईल-कव्हरच्या दुकानात मुद्दाम गेलो आणि सांगितलं, वाजला. तिने विचारलं, काय? मी सविस्तर सांगितलं. तिचं मधूनच एक गिऱ्हाईक आलं, ते गेल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

संकल्प: परिसरातल्या तरुणांसाठी वर्ग काढायचा. फी नाही. साडूभाऊंना फोन करून रविवारचं आमंत्रण दिलं. मागच्या वेळी गडबडीत आवाजातली खोली त्यांच्या नीट लक्षात आली नसेल.

रविवार, २३ नोव्हेंबर, संध्याकाळ
साडूभाऊ आणि मेहुणी आले. त्यांना मी माझ्या त्रिकोणाच्या जागेवर बसवलं. गाणं लागलं. मी तंबोरा कुठे आहे ते बोट करून दाखवत होतो, तेवढ्यात वीज गेली.

पंखा थांबला. फ्रिजची घरघर थांबली. लाल दिवा विझला.

गाणं चालू.

मी म्हणालो, कंडेन्सर. मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते, चांगल्या बनावटीत काही क्षण पुरते. साडूभाऊ हं म्हणाले. पहिलं कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. मी म्हणालो, जुना माल आहे, हल्ली असे कंडेन्सर मिळत नाहीत. गाणं संपलं. दुसरं गाणं लागलं. ही छताकडे बघत होती, लेक जमिनीकडे. मेहुणीने तोंडाला पदर लावला. मी आणखी काहीतरी म्हणणार होतो, पण कंडेन्सरबद्दल मला होतं तेवढं ज्ञान संपलं होतं.

मग छोटी रांगत डाव्या स्पीकरच्या मागे गेली आणि साबणाच्या वडीएवढी एक निळी डबी घेऊन बाहेर आली. बाई त्या डबीत गात होती. छोटीने डबी तोंडात घातली. बेस एकदम वाढला.

साडूभाऊ हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, शास्त्रज्ञ, आमच्या पट्टीपेक्षा आवाज बरा आहे हो. त्यानंतर मात्र हसले, आणि बराच वेळ हसले. मीही हसलो. दुसरं करणार काय?

पाहुणे गेल्यावर मी हिला विचारलं, असं का केलंस? म्हणाली, शनिवारी त्या पेट्यांसमोर तुम्ही ज्या चेहऱ्याने बसला होतात, तो मला बघवेना. मला लाज वाटली. राग यायला हवा होता, आला नाही. इतकी वर्षं हिला माझ्या मासिकांचा तिटकारा आहे असं मी धरून चाललो होतो. असेलही. पण त्या तिटकाऱ्यातून तिने बाजारात जाऊन ती डबी आणली, आणि फ्यूज पुन्हा उडू नये म्हणून लेकीकडून आत नुसता लाल दिवा जोडून घेतला.

मी ताठ उभा राहून सांगितलं, अट ती अट. वाजलं नाही, मी हरलो, पेट्या उद्या देऊन टाकतो.

ही म्हणाली, अट मी घातली होती आणि वाजवलं पण मीच. म्हणजे जिंकले मी. पेट्यांचं काय करायचं ते आता मी ठरवणार. त्या तिथेच राहतील. तुम्ही दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात लुडबुड करायला लागलात तर मी कुठे जाऊ?

छत्तीस वर्षं तक्रारींना उत्तरं दिली. ही तक्रार नुसती दाखल करून घेतली. तिने समोर मटार ठेवले. सोलले.