भुंगेतोंड्याच्या मानेवरची गाठ

प्रिय जया,

पत्राची सुरुवात 'प्रिय'नं करायची असते असं लिहिणारं माणूस म्हणतंय, म्हणून तू प्रिय. एरवी दिवाळीपासून घराकडं न फिरकलेल्या नातीला मी काय म्हणते, ते कागदावर शोभणार नाही. माझं 'हाय' तिथं 'आहे' होऊन उतरतंय म्हणे, तेही होऊ दे. मला अक्षर येत नाही, तेव्हा मी काय बोलले आणि खाली काय उतरलं, हे देव जाणे. अक्षर वाकडं दिसेल. ते का, ते शेवटी सांगते. आधी एवढं ऐक की आपल्या अमृतचं लक्षण मला ठीक दिसत नाही, आणि चैत्री पुनवेची यात्रा तोंडावर आली आहे.

तुला आठवत असेल, तुझे आईबाप ऊसतोडीला गेले की तिसगावच्या या घरात आपण तिघंच उरायचो. तू, तुझा धाकटा भाऊ आणि मी. शेळ्या आत घेतल्या, भाकरी झाली की तुम्ही दोघं एका मोबाईलला डोकी लावून ती जपानची मालिका बघायचा आणि मी मधून माझं डोकं खुपसायची. त्यातल्या हिरोचं नाव माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. साधं किरकोळ पोरगं, कमरेच्या पट्ट्यावर काहीतरी फिरवायचं, बोंब मारायचं, की अंगावर लाल चिलखत आणि डोक्याच्या जागी भुंग्याचं डोकं. मी त्याला भुंगेतोंड्या म्हणायची आणि अमृत जेवण सोडून चिडायचा. भाषा मला कळत नव्हती आणि तुम्हालाही नव्हती. तेवढ्यापुरते आपण तिघंही सारखेच शिकलेले.

आणि काय तुमची ती भांडणं! तू म्हणायचीस, गोष्ट कपड्यात असते. पहिल्या लढाईत त्याच्या डाव्या खांद्यावर ओरखडा आला, तो पुढं कितीतरी भाग तसाच ठेवला होता. मग नवं सोनेरी चिलखत आणलं, ओरखडा गेला, अंगभर चकचकीत पत्रे आले. तू म्हणालीस, ही खेळणी विकायची सोय आहे, यानं सोसलेलं सगळं पुसून टाकलं. अमृत म्हणायचा, कपडा काय, तो बदलतो. माणूस कशावर पाणी सोडतो ती गोष्ट. मग त्या मोबाईलमधल्या ग्रुपवर पुण्याचा कोण तो अनिमेष आणि आणखी कुठकुठली पोरं तुमच्या भांडणात उतरली. काही तुझ्या बाजूनं, काही त्याच्या. एका भुंग्यासाठी एवढी माणसं रात्रंदिवस कामाला लागलेली मी पहिल्यांदाच बघितली. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं की त्या गोष्टीतली खोट वेगळीच आहे. तो रोज मरायला जातो आणि त्याच्या घरी कोण आहे, ते एकदाही दाखवत नाहीत. ना आई, ना बहीण, ना एखादी तोंडाळ म्हातारी. सोंग त्याचं तोच चढवतो, त्याचं तोच उतरवतो. हे मला पहिल्यापासून भयाण वाटायचं.

दिवाळीला तू आलीस तेव्हा त्याला तो पोशाख शिवून दिलास. जुन्या गादीचा फोम, टेम्पोच्या सीटचं लाल रेक्झिन, पुठ्ठ्याचं डोकं. खांद्यावर ओरखडासुद्धा काढलास. कामाला नाव ठेवायला जागा नव्हती, मी ठेवून बघितलं. मानेमागचे बंद तू तुझ्या हातानं बांधलेस आणि तो आरशासमोरून हलेना. त्याच दुपारी तुमचं वाजलं, तेही शेवटच्या भागावरून. त्यात भुंगेतोंड्या चिलखत नसताना धरणाच्या भिंतीवरून उडी टाकतो आणि हवेतच चिलखत येऊन त्याला धरतं. अमृत म्हणाला, विश्वास ठेवला म्हणून आलं. तू म्हणालीस, लिहिणाऱ्याला दुसरं काही सुचलं नाही म्हणून आलं. इथवर ठीक होतं. पण मग तू ते ग्रुपवर लिहिलंस, सगळ्यांच्या देखत, की माझा भाऊ कॉलेज सोडून शेळ्यांमागं फिरतो, त्याला उडी मारायला पोशाख मीच शिवून द्यायचा आणि विश्वासही मीच पुरवायचा. शेजारच्या अश्विनीनं मला वाचून दाखवलं. तिलाही वाचताना अवघड झालं. तू संध्याकाळच्या एसटीनं पुण्याला गेलीस, आणि त्यानं तो पोशाख त्या दिवशी उतरवला तो बंद न सोडता, डोक्यातून ओढून. तुझी गाठ अजून तशीच आहे.

आता तुझ्या आजोबांचं ऐक. अर्धं तुला माहीत आहे. आपल्या देवीच्या यात्रेत सोंगं निघतात, त्यात नरसिंहाचं सोंग आपल्या घराचं. ज्यानं मुखवटा बांधला त्यानंच तो सोडायचा, आणि सोडताना नावानं हाक मारायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. एका साली तुझ्या आजोबांना तो भिमाजी भाऊजींनी बांधला, आणि मिरवणूक अर्ध्यात असताना दोघा भावांचं मानावरून बिनसलं. भाऊजी तडक शेवगावला निघून गेले. यात्रा पांगली तरी तुझे आजोबा मुखवट्यातच. आधी लोक हसले. मी तर सगळ्यात जास्त हसले, म्हटलं आता जेवणार कुठल्या तोंडानं? मग उन्हं वर आली तरी ते विहिरीच्या काठावर बसून होते, पाणी नको, बोलणं नाही, पोरं जवळ गेली की मान नुसती वळायची. माणसानं मान वळवावी तशी नाही, गं. मग मात्र कुणी हसलं नाही. भाऊजींना बाजारातून हाताला धरून आणलं. त्यांनी गाठ सोडली, 'कारभारी' अशी त्यांच्या नावानं हाक मारली, आणि मुखवट्याखालून जो चेहरा निघाला त्याला मला ओळखायला जरा वेळ लागला. त्यालाही मी उशिरानंच ओळखू आले. ही गोष्ट मी तुम्हा दोघांना किती वेळा रंगवून सांगितली! तू ऐकता ऐकता झोपायचीस. तो झोपायचा नाही.

शिमगा झाल्यापासून अमृत तो पोशाख अंगावरून काढत नाही. आधी संध्याकाळपुरता घालायचा, आता शेळ्याही त्यातच चारतो. या उन्हात, रेक्झिनमध्ये. मी म्हटलं, अरे भुंग्या, उकडून तुझं भरीत होईल. पूर्वी अशा बोलण्यावर खवळला असता. आता नुसता बघतो. एकदा दुपारी तो पडला होता तेव्हा मी ती गाठ सोडायला गेले, तर झोपेतच माझं मनगट धरलं आणि म्हणाला, ताईनं बांधलंय. रोज दिवस मावळायच्या आधी पाझर तलावाच्या सांडव्यावर, त्या उंच भिंतीवर, जाऊन उभा राहतो, अगदी कडेला. तलावात आता पाणी नाही, नुसते दगड उघडे पडलेत. पूर्वी पोरं त्याच्यामागं ओरडत जायची. आता जातात, पण कुणी ओरडत नाही. आपला मोत्या त्याच्यावर भुंकायचा, तोही परवापासून गप आहे.

ग्रुपवर त्यानं लिहिलंय की यात्रेच्या दिवशी शेवटचा भाग करून दाखवणार. अश्विनी म्हणते, खाली शंभरजणांनी अंगठे आणि जाळाची चित्रं पाठवलीत. पोरगं उडी टाकतो म्हणतंय आणि लोक त्याला जाळ पाठवतायत. त्या अनिमेषनं कळवलंय की सूर्य पाठीमागं येईल असा उभा राहा, चित्र चांगलं येतं. मी अमृतला विचारलं, खाली पाणी नाही ते बघितलंस का? तर म्हणाला, जो खाली बघतो त्याच्यासाठी चिलखत येत नाही. तुझ्या बापाला उसाच्या फडावर फोन लावला. तो म्हणाला पोरखेळ आहे, पट्टा पडला, तोडणी संपली की येतो. तुला अश्विनीनं फोन लावला, तू म्हणालीस शूटिंगचे कपडे शिवून द्यायचेत, नंतर बोलते. तुझं 'नंतर' पुनवेच्या पलीकडं गेलं तर काय करायचं, ते मला सुचत नाही. भुंग्याचं डोकं मी लपवून ठेवलंय. कुठं, ते इथं सांगत नाही. त्या डोक्याशिवाय तो जाणार नाही असं मी स्वतःला सांगते, आणि मला ते पटत नाही.

आता अक्षराचं. फोनवर दोन शब्दांत काम झालं असतं, तरी पत्र का, आणि अश्विनी शेजारी असताना तिच्याकडून का नाही? कारण तोंडावर काही बोललं की तो उठून जातो. पण लहानपणापासून त्याला एक खोड आहे, एक कॉलेज सोडलं तर हातात घेतलेली गोष्ट तो अर्ध्यात सोडत नाही. म्हणून सकाळी वही पुढं टाकली आणि म्हटलं, ताईला चार ओळी लिहायच्यात, बस. हे सगळं अमृतनं लिहिलंय, जया. तो जाड लाल हातमोजा न काढता लिहिलंय, म्हणून अक्षर असं. सांडव्याचं लिहिताना तो थांबला होता, आजोबांचं लिहितानाही थांबला होता, पण उठला नाही. मी जे बोलले ते त्याला त्याच्याच हातानं लिहावं लागलं, एवढंच माझ्या हातात होतं. बाकीचं तुझ्या हातात आहे. हे पत्र आपल्या गावच्या श्रीमंतच्या कांद्याच्या टेम्पोनं आज पुण्याला निघेल. भांडण कोण जिंकलं ते मी तुझ्या बाजूनं लिहून देते, हवं तर अंगठा उठवते. पण पुनवेच्या आत ये, मागं उभी राहा, गाठ सोड आणि त्याला नावानं हाक मार. माझ्या हाकेला तो आता ओ देत नाही.

तुझीच, तोंडाळ म्हातारी
भागूबाई

ताई, आजी बोलली तसंच लिहिलंय, 'हाय'चं 'आहे' सोडलं तर एक शब्द बदललेला नाही. डोकं बाजरीच्या कणगीत आहे. ते तिनं लपवलं त्याच दिवशी मला सापडलं होतं. अजून बाहेर काढलेलं नाही. पुनवेपर्यंत काढणार नाही असं लिहायला बसलो होतो, पण तेवढं लिहवत नाही. लवकर ये.
अमृत